डाव, तोड आणि वही : जोडीनं स्वसंरक्षण शिकताना

(तळा येथे विद्यार्थिनी, पालक आणि शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आज मी एकही किक मारून दाखवणार नाही, हे आधीच सांगते. पुढच्या बाकांवरच्या मुली जरा हिरमुसतील, पण त्यांना शेवटी थोडं काम देणार आहे. आजचा प्रश्न साधा आहे. स्वसंरक्षणाचं जे शिकवलं जातं, ते सहा महिन्यांनी अंगात उरतं का? आणि उरावं म्हणून काय करायचं?

समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांमधल्या सहावी ते बारावीच्या मुलींना राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण मिळतं. ते तीन महिन्यांचं असतं. प्रशिक्षक येतात, मैदानावर ओळी लागतात, ब्लॉक-पंच होतात, शेवटी प्रात्यक्षिक होतं, फोटो निघतो. मग तीन महिने संपतात. शहरातल्या मुलीला पुढं शिकायचं असेल तर दोन गल्ल्या सोडून क्लास सापडतो. आपल्या वाडीवरच्या मुलीनं काय करायचं? माणगाव नाहीतर रोहा गाठायचं, आणि परतीच्या एसटीचं गणित बसवायचं. म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत तीन महिन्यांनंतर हाताशी दोनच गोष्टी राहतात. एक बरोबर शिकलेली मैत्रीण, आणि दुसरी, असलीच तर, एक वही. या दोन गोष्टी नीट वापरल्या तर बरंच काही टिकतं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

डावाला तोड असते

आपल्या भाषेत कुस्तीच्या आखाड्यातून किती शब्द आलेत बघा. डावपेच, पवित्रा, चीतपट, तोडीस तोड. यातला ‘तोड’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. आखाड्यात डाव एकटा शिकवत नाहीत. एकेरी पट शिकवला, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडायचं, तर लगेच त्याची तोडही शिकवतात. पाय झटकन मागं फेकायचे आणि अंगाचं वजन त्याच्या पाठीवर टाकायचं. मग त्या तोडीवर पुन्हा डाव. अशी साखळी तयार होते. हल्ली क्लासमध्ये जिला ‘कॉम्बिनेशन’ म्हणतात, ती हीच साखळी. तू हे केलंस म्हणून मी हे केलं, मी हे केलं म्हणून तू ते केलंस.

म्हणजे साखळी कायम दोघांची असते. आणि गडबड इथंच होते. घरी येऊन मुलगी वहीत लिहिते, ‘ब्लॉक, पंच, किक’. हे सगळं तिचं स्वतःचं. समोरची काय करत होती? किती लांब उभी होती? कुठल्या हातानं धरलं होतं? यातलं काहीच नाही. दोन महिन्यांनी ती वही उघडली की फोनवर बोलणाऱ्या माणसाचं एकाच बाजूचं बोलणं ऐकल्यासारखं होतं. शब्द कळतात, पण चाललंय काय, ते कळत नाही.

कला हरवते कशी

वस्तादाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. शिष्याला सगळे डाव शिकवले, एक मात्र राखून ठेवला, आणि शिष्य माजल्यावर त्या एका डावानं त्याला आस्मान दाखवलं. गोष्ट ऐकायला गंमतीची आहे. पण असा प्रत्येक वस्ताद एकेक डाव राखून गेला, तर चार पिढ्यांनी उरतं काय?

आपल्याकडे लिहून ठेवायची परंपरा अजिबात नव्हती, असं मात्र नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मल्लविद्येवर स्वतंत्र प्रकरण आहे. विसाव्या शतकात बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढला, 1936 पासून पुढं तब्बल दहा खंड. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं, जे 1914 साली सुरू झालं, लाठी-लेझीमपासून मल्लखांबापर्यंतचं शिक्षण वर्गावर्गानं बसवलं, आणि त्यांचं पथक 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी प्रात्यक्षिकं दाखवून आलं. कोल्हापुरात मर्दानी खेळाच्या तालमी आजही आहेत. तिथं लाठी, पट्टा, फरी-गदका पोरंपोरी शिकतात.

या खेळांत वारांना नावं आहेत. डोक्यावरचा तो शीर, गालाच्या बाजूचा तो तमाचा, मग बाहेरा, कमर. नाव उच्चारलं की वार कुठं येणार ते कळतं. ही सुद्धा एक नोंदच, तोंडानं जपलेली. मात्र नाव आपल्याला फक्त वाराची जागा सांगतं. अंतर किती, पाऊल कुठं, समोरच्यानं वार कसा झेलला, हे नावात मावत नाही. ते जोडीदाराच्या अंगात असतं. जोडी मोडली की तेही गेलं.

आपण इथं तळगडाच्या पायथ्याशी बसलोय. 1665 च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले आणि जे मोजके महाराजांकडे राहिले, त्यांत तळगडाचं नाव येतं. या गडावर शिबंदी होती, म्हणजे हत्यार चालवणारे हात होते, रोजचा सराव होता. गडाचे तट आजही मोजता येतात. त्या हातांचा सराव मोजता येत नाही.

दोघांचं चित्र

आता जरा लांब जाऊ. युरोपात तलवारबाजीवरचं जे सगळ्यात जुनं सचित्र हस्तलिखित टिकून आहे, ते साधारण 1300 च्या आसपासचं, जर्मन मुलखातलं. आज ते इंग्लंडमध्ये रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे. त्यात पानापानावर दोन माणसं आहेत, एक धर्मगुरू आणि एक त्याचा शिष्य. दोघांच्या हातात तलवार आणि छोटी ढाल. एकट्या माणसाचं चित्र काढून भागणार नाही, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. आणि मुलींनो, शेवटच्या पानांवर त्या शिष्याच्या जागी एक बाई आहे. तिचं नावही दिलंय, वालपुर्गिस.

जपानमध्ये जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोडोकान ही ज्यूदोची शाळा काढली. ज्यूदोत जोडीनं करायच्या ठरीव साखळ्या असतात, त्यांना काता म्हणतात. डाव करणारा तो तोरी आणि ज्याच्यावर होतो तो उके, अशी दोघांनाही नावं. 1956 मध्ये कोडोकाननं खास स्वसंरक्षणासाठी 21 प्रकारांचा काता ठरवला. त्यातले 12 रिकाम्या हातांच्या हल्ल्यांवर, बाकीचे 9 सुरी, काठी आणि पिस्तूल यांवर. त्यातला पहिलाच प्रकार कुठला, माहीत आहे? समोरच्यानं आपली दोन्ही मनगटं धरली. शाळेच्या वाटेवर, बसमध्ये, घरात, जे सगळ्यात आधी होतं तेच.

जपानच्या जुन्या तलवारीच्या घराण्यांत आणखी एक रीत आहे. जोडीत जो हल्ला करतो आणि शेवटी हरतो, ती भूमिका सहसा वडीलधाऱ्यानं, गुरूनं घ्यायची. आपल्याला वाटतं, जिंकून दाखवणारा गुरू. पण समोरच्याचा डाव बरोबर बसला की नाही हे हरणाऱ्याला कळतं, म्हणून जाणत्यानं तिथं उभं राहायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

एक नोंद करून बघू

आता काम. दोघी दोघी समोरासमोर उभ्या राहा. हळू करायचंय.

समोरचीनं आपल्या उजव्या हातानं तुमचं डावं मनगट धरलं. तळवा खाली. तिच्या मुठीकडे बघा. चार बोटं एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या. बोटांची टोकं आणि अंगठा जिथं भेटतात तिथं फट असते. पकड कितीही घट्ट असो, ती फट सगळ्यात कच्ची. आत्ता ती फट तुमच्या आतल्या बाजूला, पोटाकडे आहे. म्हणून हात सुटणार तो आतल्या दिशेनं, तुमच्या उजव्या खांद्याकडे.

आता तिनं त्याच उजव्या हातानं तुमचं उजवं मनगट धरलं. फट कुठं गेली? बाहेर. म्हणजे सुटायची दिशा उलटी झाली. आता सांगा, वहीत नुसतं ‘मनगट धरलं, झटका देऊन सोडवलं’ असं लिहिलं, तर चार महिन्यांनी कुठल्या दिशेला झटका देणार?

म्हणून नोंद अशी करायची. मी एक नमुना सांगते, लिहून घ्या.

नोंद 4.
समोरची : समोरून, तिच्या उजव्या हातात माझं डावं मनगट, तळवा खाली. ओढत नाही, धरून उभी.
पाय : माझा डावा पाय अर्धं पाऊल पुढं.
हात : अंगठ्याची कड फटीकडे. कोपर वाकवून तिच्या कोपराकडे. मूठ माझ्या उजव्या खांद्याकडे.
आवाज : ‘सोड!’, हात फिरवतानाच.
सुटल्यावर : दोन पावलं मागं, दोन्ही हात उघडे, छातीसमोर. तोंड दाराकडे, आणि निघायचं.
नाही सुटलं तर : ओढलं, तर ओढीबरोबर एक पाऊल आत, मग कोपर. दोन्ही हातांनी धरलं, तर नोंद 7.

आणि नोंद 7 म्हणजे, तिनं दोन्ही हातांनी माझा एक हात धरलाय. माझा मोकळा हात तिच्या दोन हातांच्या मधून घालून स्वतःचीच मूठ पकडायची आणि दोन्ही हातांच्या जोरानं ती खांद्याकडे वर खेचायची.

तीन गोष्टी पाळा. पहिली, ‘उजवा’ असं एकटं कधीच लिहू नका. ‘माझा उजवा’ किंवा ‘तिचा उजवा’. अर्धा घोटाळा इथंच संपतो. दुसरी, पावलं शब्दांत नाही जमली तर जमिनीवर खडूनं काढा. दोघींची पावलं, बाण, 1, 2, 3 असे आकडे. मग ते चित्र वहीत उतरवा. तिसरी, ‘नाही सुटलं तर’ ही ओळ रिकामी ठेवायची नाही. एकच उपाय पाठ असलेला माणूस तो फसला की जागच्या जागी थिजतो. दुसरी वाट वहीत असली आणि अंगात मुरलेली असली की थिजणं थोडं कमी होतं.

नोंद कोणी लिहायची?

सगळ्यांना वाटतं, डाव करणारीनं. मी म्हणते, जिच्यावर झाला तिनं. मघाशी जपानी गुरूचं सांगितलं, ते याचसाठी. हात सुटला की सोडवणारीला वाटतं, जमलं. पण धरणारीला माहीत असतं की तो तंत्रानं सुटला, की मैत्रीण आहे म्हणून तिनंच सोडला. आपली पकड नेमकी कुठं ढिली पडली, तोल कधी गेला, हे तिच्या तळव्याला कळतं. तर पाच वेळा करा, मग धरणारीनं चार ओळी लिहायच्या. मग भूमिका बदला. एका साखळीच्या दोन नोंदी होतील. त्या जुळल्या तर छान. जुळल्या नाहीत, तर पुढच्या सरावाला कुठून सुरुवात करायची ते कळलं.

जोडीदार निवडताना सारख्याच ताकदीची बघू नका. वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, मोठी बहीण, आई, यांच्याबरोबरही तीच नोंद करून बघा. उंची बदलली की कोपर वेगळ्या जागी लागतं. तेही लिहा.

लटका सराव आणि खरा सराव

मैत्रिणीबरोबरच्या सरावाचा मोठा धोका म्हणजे प्रेम. ती तुम्हाला जिंकू देते. त्यावर उपाय म्हणजे विरोधाच्या पायऱ्या. पहिली पायरी, नुसती ओळख, पाण्यात चालल्यासारखं हळू. दुसरी, धरणारीनं खरी पकड द्यायची, पण हलायचं नाही. तिसरी, तिनं ओढायचं, ढकलायचं, हट्ट करायचा. चौथी, कुठला हात धरणार ते सांगायचं नाही. वहीत प्रत्येक नोंदीपुढं पायरीचा आकडा आणि तारीख घाला. महिनाभर ‘पायरी 1’ असंच लिहिलेलं दिसलं, तर तो डाव तुम्हाला येतो असं समजू नका. खोटा आत्मविश्वास हा अज्ञानापेक्षा महागात पडतो.

आणि पहिल्याच दिवशी खूण ठरवा. दोनदा थाप मारली किंवा ‘बस’ म्हटलं की त्या क्षणी सोडायचं, हसणं नाही, चेष्टा नाही. गळा, मान, बोटांचे सांधे यांवर जोडीजोडीनं आपल्याआप प्रयोग करायचे नाहीत. ते प्रशिक्षक समोर असतानाच.

मोबाईलबद्दल. व्हिडिओ जरूर काढा, पण छोटे, वीसेक सेकंदांचे, एक समोरून आणि एक बाजूनं. व्हिडिओत पाऊल दिसतं, वेळ दिसते. पकडीचा जोर दिसत नाही, वजन कुठल्या पायावर होतं ते दिसत नाही. म्हणून व्हिडिओला वहीतल्या नोंदीचाच आकडा द्या आणि दोन्ही मिळून वाचा. आणि हे व्हिडिओ स्टेटसला, ग्रुपवर टाकायचे नाहीत. दोघींपैकी एकीनं ‘पुसून टाक’ म्हटलं की पुसायचा, कारण विचारायचं नाही. स्वसंरक्षण तिथूनच सुरू होतं.

वहीची मागची पानं

आता अवघड भाग. आपण अनोळखी माणूस, अंधारी वाट, असं चित्र डोक्यात ठेवून सराव करतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहातल्या नऊहून अधिक वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र. अशा माणसाला पहिला ठोसा मारणं सोपं नसतं, आणि मुळात तिथं ठोशाची वेळ येण्याआधी बरंच काही घडून गेलेलं असतं.

कॅनडात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींवर एक अभ्यास झाला. तो 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. एका गटाला तीन-तीन तासांची चार सत्रं, एकूण 12 तासांचं प्रशिक्षण. दुसऱ्या गटाला फक्त माहितीपत्रकं. वर्षभरात दुसऱ्या गटातल्या 9.8 टक्के मुलींवर बलात्कार झाल्याचं आढळलं, आणि पहिल्या गटात 5.2 टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मं. पण अंगानं प्रतिकार करणं हा त्या प्रशिक्षणाचा फक्त एक भाग होता. धोका लवकर ओळखणं, ओळखीच्या माणसाला ‘नाही’ म्हणताना जी भीड वाटते तिच्यावर मात करणं, आपल्याला काय हवं-नको ते स्वतःशी स्पष्ट असणं, यालाही तितकाच वेळ दिला होता.

म्हणून वहीची मागची काही पानं यासाठी ठेवा. तिथंही दोघींचीच साखळी लिहायची. तो म्हणतो, ‘अगं बस ना, घाई काय आहे?’ मी काय म्हणते? तो म्हणतो, ‘घरी सांगितलंस तर तुझंच नाव खराब होईल.’ मी काय म्हणते? मैत्रिणीनं ती वाक्यं म्हणायची आणि तुम्ही उत्तर मोठ्यानं द्यायचं. मुली हसतात सुरुवातीला. तिसऱ्या वेळी हसत नाहीत. आणि शेवटच्या पानावर तीन नावं, घरातल्या किंवा शाळेतल्या अशा माणसांची, ज्यांना रात्री सुद्धा सांगता येईल. त्याखाली 112 आणि 1098.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 खासगी बचावाच्या हक्काची आहेत. पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेत 96 ते 106 होती. मार खाल्ल्यावरच हात उचलता येतो, असं नाही. धोक्याची रास्त भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, आणि भीती आहे तोवरच तो राहतो. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. म्हणजे सुटून दूर गेल्यावर परत येऊन मारणं यात बसत नाही. आपल्या प्रत्येक नोंदीचा शेवट ‘आणि निघायचं’ असा आहे, त्यामागं हे एक कारण आहे.

प्रश्नोत्तरे

*एक पालक : ताई, मग मुलीला कराटेच्या क्लासला घालावं की नाही?*

जमत असेल तर जरूर घाला. चांगल्या प्रशिक्षकाला पर्याय नाही. वही त्याच्या बदली नाही. फक्त क्लासवाल्यांना विचारा, मुली जोडीनं, विरोधासह सराव करतात का, की नुसत्या ओळीत उभ्या राहून हवेत हात चालवतात? आणि घरी आल्यावर बेल्टचा रंग विचारण्याऐवजी ‘आज तुझी जोडीदार कोण होती? तिनं काय केलं?’ असं विचारा.

*एक विद्यार्थिनी : माझी मैत्रीण दहावीनंतर मुंबईला जाणार आहे. मग?*

तिच्याकडे वहीची एक प्रत राहू दे, तुझ्याकडे एक. आणि ती जायच्या आधी नववीतल्या कुणाला तरी तुम्ही दोघींनी मिळून पहिल्या दहा नोंदी शिकवा. फक्त वही वाचून तिला ते करता आलं, तर नोंदी नीट आहेत. जिथं तिला तुम्हाला विचारावं लागेल, ती ओळ पुन्हा लिहा.

*एक शिक्षक : मुलांनाही यात घ्यावं का?*

घ्यावं, पण प्रशिक्षक आणि शिक्षक हजर असताना, आणि मुलींची तयारी असेल तरच. ‘बस’ म्हटल्यावर त्या क्षणी हात सोडायचा, हे मुलाच्या अंगवळणी पडलं, तर त्या एका सवयीसाठी सुद्धा हा तास वाया गेला नाही, असं मी म्हणेन.

आता ज्यांनी नोंद 4 लिहून घेतलीय, त्यांनी पहिल्या पानावर दोन नावं घाला, तुमचं आणि जोडीदाराचं. आठवड्यातून तीन दिवस, पंधरा मिनिटं पुरेत.